जिंकल्याचा पेढा कुणापुढे ठेवायचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीची सेवा आपण सगळ्यांनी मिळून छान पार पाडली. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, रविवारी 7 डिसेंबरला, फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा संघाने सुपर कप जिंकला. आपल्या ग्रुपवर त्या रात्री बारा वाजेपर्यंत मेसेज येत होते. दुसऱ्या दिवशी मात्र पेडण्याच्या एका ताईंचा वेगळाच मेसेज आला. या वेळचे चिंतन त्यांच्या प्रश्नावरच आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही.

त्यांचे यजमान फुटबॉलचे मोठे शौकीन होते. चार वर्षांपूर्वी ते गेले. रविवारी घरातले सगळे टीव्हीसमोर बसले होते. शेवटची पेनल्टी झाली, मुले उड्या मारायला लागली आणि ताईंना एकदम रडू कोसळले. कोणीतरी चटकन म्हणाले, "आनंदाच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणू नये, बरं नसतं." ताई उठून आत स्वयंपाकघरात गेल्या. मुलांनी पेढे आणले तेव्हा त्यांना वाटले की एक पेढा त्यांच्या फोटोपुढे ठेवावा. पण तिथी नाही, श्राद्ध नाही, आणि वर मार्गशीर्ष महिना. म्हणून ठेवला नाही. त्यांनी विचारले आहे, "माझे रडणे चुकीचे होते का? आणि तो पेढा ठेवला असता तर चालले असते का?"

प्रश्न छोटा वाटतो, पण बघा, आपल्यापैकी प्रत्येक घरात तो आहे. लग्न ठरते, मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास होते, नवीन घराची वास्तुशांत होते, आणि नेमके तेव्हाच गेलेले माणूस आठवते. दुःखाच्या दिवशी आठवण येते ती आपण समजून घेतो. आनंदाच्या दिवशी आली की मात्र आपण घाबरतो.

*आधी त्या दिवसाबद्दल थोडेसे*

ज्या भगिनी फुटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. याच फातोर्ड्यावर 20 डिसेंबर 2015 रोजी इंडियन सुपर लीगची अंतिम लढत झाली होती. सामना संपायला अगदी थोडा वेळ उरला होता आणि गोवा 2-1 असा पुढे होता. लोक नाचायलासुद्धा लागले होते. तेवढ्यात चेन्नईच्या संघाने दोन गोल केले आणि 3-2 असे जिंकले. भरलेले मैदान क्षणात गप्प झाले. त्यानंतर आपल्या संघाने कप जिंकले नाहीत असे नाही. 2019 मध्ये सुपर कप भुवनेश्वरला जिंकला, 2021 मध्ये ड्युरंड कप कोलकात्याला, आणि यंदा 3 मे रोजी परत सुपर कप भुवनेश्वरलाच, जमशेदपूरला 3-0 असे हरवून. पण ज्या अंगणात हरलो त्याच अंगणात अंतिम सामना जिंकायचे राहून गेले होते. ते परवा झाले. ईस्ट बंगालविरुद्ध 120 मिनिटे खेळूनही गोल झाला नाही, आणि पेनल्टीमध्ये गोवा 6-5 असा जिंकला.

मधे दहा वर्षे गेली. या दहा वर्षांत करोना येऊन गेला. 2015 साली फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसून रडलेली किती माणसे आज नाहीत! म्हणून परवा गोव्यातल्या पुष्कळ घरांत टाळ्या वाजल्या आणि त्याच वेळी भिंतीवरच्या फोटोकडेही नजर गेली. ताई, तुम्ही एकट्या नव्हता.

*विजयाच्या दिवशी श्रीरामांनी काय केले?*

आपण रामायण वाचतो तेव्हा रावणवध झाला, सीतामाई परत आली, पुष्पक विमान निघाले, एवढे आपल्याला आठवते. पण वाल्मीकि रामायणाच्या युद्धकांडात या मधे एक प्रसंग आहे, तो पुष्कळदा वाचायचा राहतो. विजय झाल्यावर महादेव श्रीरामांना म्हणतात, तो बघ, विमानात तुझा पिता आला आहे. चौदा वर्षांपूर्वी रामाच्या विरहाने ज्यांनी प्राण सोडला ते दशरथ महाराज दिव्य रूपात समोर उभे असतात. राम-लक्ष्मण त्यांना नमस्कार करतात. दशरथ रामाला जवळ घेतात, मांडीवर बसवतात आणि सांगतात की तुझ्याशिवाय मला स्वर्गसुद्धा गोड लागत नाही.

विजयाच्या दिवशी गेलेला बाप समोर आला, याला शास्त्राने अशुभ म्हटलेले नाही. उलट, प्रत्यक्ष महादेवांनी ती भेट घडवून आणली. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला सर्वात जास्त आनंद होतो त्या क्षणी आपले माणूस आठवणे ही देवाचीच योजना म्हणावी लागेल. आनंद वाटून घ्यायचा असतो, आणि ज्याच्याबरोबर तो वाटायची सवय झालेली असते त्याला मन शोधतेच. महाभारतातही युद्ध जिंकल्यावर पांडव थेट उत्सवाला बसले नाहीत. ते आधी गंगेवर गेले आणि गेलेल्यांना तिलांजली दिली.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. ताई, ते रडणे चुकीचे नव्हते. आणि घरातल्या इतरांना हात जोडून विनंती आहे, अशा वेळी कोणाला गप्प करू नका. जी बाई चाळीस वर्षे एका माणसाच्या शेजारी बसून सामने बघत आली तिला त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटी रडायला पाठवणे, यात कोणते शुभ आहे? तिला हाताला धरून बाहेर आणा, मधोमध बसवा आणि विचारा, "ते असते तर आज काय म्हणाले असते?" ती रडेल, मग हसेल, मग एखादी गोष्ट सांगेल. ती गोष्ट नातवंडांच्या कानांवर पडेल. पितरांची आठवण पुढच्या पिढीला अशीच मिळते.

*राम पित्याकडे काय मागतो?*

आता प्रसंगाचा पुढचा भाग नीट लक्षात घ्या. समोर दशरथ आहेत, मन भरून आलेले आहे. अशा वेळी राम स्वतःसाठी काही मागत नाही. तो म्हणतो, तुम्ही रागाच्या भरात कैकेयीमातेचा आणि भरताचा त्याग केला होता, ते शब्द मागे घ्या, त्यांना बाधू देऊ नका. जिच्यामुळे वनवास भोगला तिच्याच सुटकेसाठी राम रदबदली करतो. दशरथ ते मान्य करतात. पुढे इंद्र वर देतो तेव्हाही राम मागतो ते युद्धात पडलेल्या वानरांचे प्राण.

आठवण आली की आपण काय करतो? फोटो बघतो, स्टेटस ठेवतो, दोन दिवस हळवे होतो. रामाने त्या आठवणीला काम दिले. घरात जी गाठ तशीच राहून गेली होती ती त्याने सोडवली. गेलेल्या माणसाची शांती म्हणजे त्याच्या मागे राहिलेली भांडणे मिटणे.

याचे आपल्याच डिचोली भागातले एक उदाहरण सांगते. तेही नाव न घेता, त्यांच्या संमतीने. या घरातले वडील खाणीवर कामाला होते. आपल्या भागात खाणी आणि फुटबॉल हे नाते जुनेच आहे. ज्या धेंपो क्लबने पुढे पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले त्याची सुरुवात 1961 साली आपल्या डिचोलीतूनच झाली. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पगार थांबले, पण यांची फुटबॉलची आवड काही कमी झाली नाही. 2015 च्या त्या सामन्याला ते दोन्ही मुलांना घेऊन गेले होते. हरून परत येताना दोन्ही मुलगे चिडलेले. वडील एवढेच म्हणाले, "आमी हांगाच एक दीस जिखतले." करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले.

ते गेल्यावर काजूच्या बागायतीवरून दोघा भावांत वाद झाला. वकिलाच्या नोटिसा गेल्या. वडिलांचे वर्षश्राद्ध दोघांनी वेगवेगळे केले. आई एका घरात सहा महिने, दुसऱ्या घरात सहा महिने. फॅमिली ग्रुपमधून धाकटा बाहेर पडला तो पडलाच.

परवा रात्री सामना संपला तेव्हा थोरल्याने पाकिटात जपून ठेवलेले 2015 चे तिकीट काढले, त्याचा फोटो घेतला आणि चार वर्षांत पहिल्यांदा धाकट्याला पाठवला. खाली एवढेच लिहिले, "आयज बाबा आसूंक जाय आशिल्लो." धाकट्याकडून लिहून उत्तर आले नाही. सकाळी सात वाजता तो स्वतःच दारात उभा होता.

जमिनीचा वाद मिटला का? नाही. तो कागदोपत्री प्रश्न आहे, त्याला वेळ लागेल. पण या वर्षी वडिलांचे श्राद्ध एकत्र करायचे दोघांचे ठरले आहे. आईने केंद्रात येऊन सांगितले तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते, इतका आनंद होता. कप फातोर्ड्याला आला, पण त्या घरात खरा विजय सोमवारी सकाळी सात वाजता झाला.

*"पण हा तर खेळ, ही तर माया!"*

काही साधकांच्या मनात येईल की एका चेंडूच्या खेळाला एवढे महत्त्व कशाला? आपण तर आसक्ती सोडायला शिकतो आहोत. शंका योग्य आहे. सद्गुरूंच्या सांगण्यात आपण नेहमी ऐकतो की आसक्ती आणि प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघ हरला म्हणून जेवण टाकणे, घरच्यांवर ओरडणे, पैशांच्या पैजा लावणे, ही आसक्ती. तिला सोडायलाच हवे. पण वीस-वीस वर्षे हरूनही संघ न सोडणे, फळ हातात येईल की नाही हे माहीत नसताना पुढच्या वर्षी परत त्याच श्रद्धेने बसणे, यात आपल्याला शिकण्यासारखे आहे. संतोष ट्रॉफीचेच बघा. गोव्याने ती 1989-90 मध्ये जिंकली आणि त्यानंतर थेट 2005-06 मध्ये. मधली पंधरा-सोळा वर्षे लोक थांबलेच ना? आपण मात्र अकरा गुरुवार केले की बाराव्या गुरुवारी विचारतो, फळ का मिळाले नाही!

आणि ज्यांनी वाट बघितली पण फळ बघितले नाही त्यांचे थांबणे वाया गेले का? मुळीच नाही. आंब्याचे कलम लावणारा आजोबा सगळे आंबे खायला कुठे असतो? त्याने लावले म्हणून नातू खातो. नातवाने पहिला आंबा देवापुढे ठेवताना आजोबांचे नाव घ्यावे, एवढेच.

संत नामदेवांचे चरित्र आठवा. 1296 साली आळंदीला ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली तेव्हा नामदेव तिथे होते. त्या वियोगाचे वर्णन त्यांनी आपल्या अभंगांत केले आहे. त्यांचे दुःख खरे होते, त्यांनी ते लपवले नाही. पण ते तिथेच बसूनही राहिले नाहीत. नामाचा तो आनंद घेऊन ते थेट पंजाबपर्यंत गेले. आज शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांच्या रचना आहेत. गेलेल्या सोबत्याचे प्रेम त्यांनी हजारो अनोळखी माणसांना वाटून टाकले.

*ज्यांना त्या दिवशी आनंद नव्हता*

हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या वर्षी आपल्या संघाने दोन कप जिंकले आणि दोन्ही दिवस गोव्याला सुतकाचे होते.

3 मे रोजी संध्याकाळी भुवनेश्वरला कप जिंकला. त्याच दिवशी पहाटे आपल्या डिचोली तालुक्यात, शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. व्रत करून, सोवळे पाळून आईच्या दर्शनाला गेलेली माणसे घरी परतली नाहीत. आणि 7 डिसेंबरला, फातोर्ड्याचा सामना संध्याकाळी होता, त्याच्या आदल्या मध्यरात्री हडफडे येथे आग लागून 25 जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक जण तिथे राबणारे कामगार होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ इथून पोटासाठी आलेली पोरे.

मग आपण आनंद करायचाच नाही का? तसे नाही. सुखदुःख एकाच दिवशी एकाच गावात येतात, ही जगाची रीतच आहे. एका घरात बारसे असते, शेजारच्या घरात बारावा असतो. पण बारशाच्या घरचे लोक त्या दिवशी ढोल जरा हळू वाजवतात आणि शेजारी जेवणाचा डबा पाठवतात. ही आपली जुनी पद्धत आहे, ती मोबाईलच्या काळातही जपायला हवी. विजयाचा मेसेज शंभर जणांच्या ग्रुपवर टाकताना त्यात कोणाच्या घरी नुकतेच काय झाले आहे याचा एकदा विचार करावा. आणि ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांनी आपल्याबरोबर हसावे असा आग्रह धरू नये. ताईंना चार वर्षे झाली आहेत. ज्यांना चार दिवसच झाले आहेत त्यांना फक्त सोबत हवी असते, उपदेश नको असतो.

*आता पेढ्याचे उत्तर*

ताई, तुमचा दुसरा प्रश्न. पेढा फोटोपुढे ठेवला तर चालेल का? श्राद्ध, तर्पण, महालय यांना तिथी लागते, विधी लागतो. ते आपल्या गुरुजींना विचारून यथासांग करावे. प्रेमाने आठवण काढायला मात्र तिथी लागत नाही. पेढा आधी देवापुढे ठेवा. मग फोटोला हात जोडा आणि मनात सांगा, "अहो, जिंकलो बरं का आपण." आणि नंतर तो प्रसाद अशा कोणाला तरी द्या ज्याच्याकडे आनंद वाटून घ्यायला कोणी नाही. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी, वाड्यावर काम करणारा परगावचा मुलगा, किंवा ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे तो. तुमच्या यजमानांच्या वाट्याचा पेढा त्यांच्यापर्यंत पोचायची वाट तीच आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

*या आठवड्याची सेवा* (जमेल तसे, कुटुंबाने मिळून)

1. गुरुवारी आरतीनंतर दहा मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसावे. घरातल्या एका गेलेल्या माणसाची एक चांगली गोष्ट वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगावी. फोन बाजूला ठेवावेत.

2. ज्या नातेवाइकाशी बोलणे बंद आहे त्याला एक मेसेज करावा. जुना फोटो असेल तर उत्तम. जुना विषय काढू नये, जाब विचारू नये. उत्तर नाही आले तरी वाईट वाटून घेऊ नये.

3. आपल्या वाड्यावर या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरी दोघा-दोघांनी जाऊन यावे. शिरगाव आणि आसपासच्या सेवेकऱ्यांनी जत्रेतल्या त्या दुर्घटनेत माणूस गमावलेल्या घरांची आठवण जरूर ठेवावी. मे महिन्यात खूप जण गेले असतील, आता कोणी जात नाही. म्हणून आता जावे.

4. घरातल्या विधवा भगिनीला, मावशीला, आजीला आनंदाच्या प्रसंगी मागे ठेवू नये. पेढा पहिला तिच्या हातावर ठेवावा.

5. रात्री झोपताना नेहमीच्या अकरा जपांत एक माळ गेलेल्यांसाठी करावी. आपल्या घरच्यांसाठी, आणि हडफड्याला गेलेल्या त्या अनोळखी पोरांसाठीही. त्यांच्या आया दूर गावी आहेत, आपण इथे जवळ आहोत.

ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांना फोनवर वाचायला त्रास होतो त्यांनी हे चिंतन मोठ्याने वाचून दाखवावे. आणि ताई, पुढच्या गुरुवारी केंद्रात याल तेव्हा तुमच्या यजमानांची एखादी गोष्ट आम्हाला सांगा. आम्ही सगळ्या ऐकायला बसणार आहोत. पेढे मी आणते.

हे गुरुराया, जे आमच्या आधी निघून गेले त्यांना तुझ्या चरणी विसावा दे. जे मागे राहिले त्यांच्या गाठी सोडव. आनंद दिलास तर तो वाटायची बुद्धीही दे.

श्रीगुरुचरणी अर्पण.

आपली एक सेवेकरी भगिनी, डिचोली
॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏